बावीस दिवसांचा गाळ

आमच्या मोजणी कार्यालयात एका माणसाला सगळे पाठीमागे ‘ओळंबा’ म्हणत आणि तोंडावर ‘काका’. साहेबसुद्धा काकाच म्हणत. एरवी साहेब माणसांना हाक मारण्याऐवजी घंटी वाजवत, यावरून काय ते समजा.

काकांचं काम ऐकायला अगदीच फुटकळ होतं. होडीत उभं राहायचं, दोरीला बांधलेलं वजन, म्हणजे ओळंबा, धरणाच्या पाण्यात सोडायचं, ते तळाला टेकलं की दोरीवरची खूण बघून खोली सांगायची. दरवर्षी धरणावर आखलेल्या त्याच ओळींवर, त्याच जागी, तेच. खोली मागच्या वर्षीपेक्षा कमी भरली तर तेवढा गाळ साचला, म्हणजे तेवढी पाण्याची जागा गेली. एकतीस वर्षं या माणसाने एवढंच केलं. पण खालच्या शहराला किती दिवस पाणी पुरेल हे साहेब ज्या तक्त्यावरून ठरवत, तो अख्खा तक्ता या एका दोरीला लटकलेला होता.

मी तिथे रुजू झाले तेव्हा चोवीस वर्षांची होते. पिशवीत पदवी आणि नाकावर राग. पहिल्या सकाळी कार्यालयाच्या व्हरांड्यात चढले तर एक किडकिडीत, उंच माणूस फरशीवर गुडघे टेकून ओली दोरी ताणत बसला होता. मी साहेबांची खोली कुठे म्हणून विचारलं.

“आधी पाय काढा मॅडम,” वर न बघता उत्तर आलं. “दोरीवर उभ्या आहात.”

त्या फरशीत बरोबर दहा मीटरवर दोन पितळी खिळे ठोकलेले होते. काका रोज सकाळी दोरी त्या खिळ्यांशी ताडून बघत. दोरी आदल्या संध्याकाळीच बादलीत भिजत टाकलेली असे. सुती दोरी भिजली की आखडते आणि ओढ बसली की लांबते, त्यामुळे जे माप पाण्यात घ्यायचं ते ओल्या दोरीचंच हवं, असा त्यांचा हिशेब. बोटाच्या पेराएवढा फरक निघाला तरी सगळ्या खुणेच्या चिंध्या सोडून पुन्हा बांधत. होडीवाला तोवर चहाचे दोन कप संपवायचा आणि माझा जीव खालीवर व्हायचा.

“कोरडी दोरी खोटं बोलते,” ते म्हणायचे. “तिचा दोष नाही. आपण तिला नको तिथे विचारतो.”

त्यांची मोजणीची वही हाही एक प्रकारच होता. लांब, कापडी पाठीची, दर ओळीच्या शेवटी ‘शेरा’ नावाचा रकाना. मी पहिल्याच आठवड्यात एक आकडा चुकीचा लिहिला आणि खोडून काळा केला. काका इतके चिडले की होडी डुलायला लागली.

“खोडायचं नाही! चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ. खालचा वाचता आला पाहिजे. वर खरा आकडा, बाजूला सही, आणि तारीख दुरुस्ती केली त्या दिवसाची. चूक कधी झाली आणि कधी कळली, दोन्ही दिसलं पाहिजे.”

“एका आकड्यासाठी एवढं?”

“एका आकड्यासाठीच एवढं. दहा चुकले तर लोकांना आपोआप कळतं.”

त्या दिवशी मला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटलं. पुढे मीही तसंच लिहायला लागले, आणि वर्षभरात आमचं इतकं जमलं की काकांनी मला मॅडमवरून ‘पोरी’वर आणलं. दुपारचा डबा आम्ही होडीतच खायचो. धरणाच्या भिंतीमागे कर्मचाऱ्यांच्या दोन खोल्यांच्या घरांची रांग होती, त्यातलं शेवटचं घर त्यांचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून भिंत दिसायची आणि दारामागच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीने पाण्याची पातळी लिहिलेली असायची. काकू म्हणायच्या, “लग्न झाल्यावर मला पहिल्यांदा फिरायला नेलं ते होडीतून. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलतील. मध्यावर नेऊन म्हणाले, इथे अठरा मीटर आहे.”

“होतं तेव्हा,” काका म्हणायचे. “आता साडेसोळा.”

वजनाची गोष्ट मी त्यांच्याच तोंडून ऐकली होती, तीही अभिमानाने सांगितलेली. पूर्वी दोरीला बशीएवढा रुंद, चपटा शिशाचा ठोकळा होता. एकोणीस वर्षांपूर्वी नवव्या ओळीवर, जिथे बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत, तो अडकला आणि दोरी कापावी लागली. वरून नवा ठोकळा यायला सहा महिने लागले असते. मोजणी तर अर्ध्यावर. काकांनी लोहाराकडे जाऊन मुळ्यासारखं लांबट, निमुळतं लोखंडी वजन करून घेतलं, म्हणजे कुठे अडकायलाच नको. किराणा दुकानाच्या काट्यावर तीनदा तोलून घेतलं. ग्रॅमचासुद्धा फरक नाही. “वजन तंतोतंत तेच,” ते टिचकी वाजवून सांगायचे. साहेबांनी त्यांची पाठ थोपटली होती. पुढच्या वर्षांत धरणात गाळ फारच कमी साचतो असं दिसू लागलं, आणि आमचे साहेब ‘आमच्या जलाशयात गाळ कमी का’ या विषयावर मोठ्या सभेत निबंधही वाचून आले. कारणं सात दिली होती. सातही चुकीची होती, पण तेव्हा कुणाला माहीत होतं?

काकांच्या निवृत्तीला महिना उरला त्या उन्हाळ्यात नवं यंत्र आलं. होडीखालून ते पाण्यात आवाज सोडायचं आणि तळावर आपटून येणारा आवाज ऐकून खोली सांगायचं. त्याचे आवाज दोन होते, एक बारीक आणि एक जाड. मऊ गाळ लागला की बारीक आवाज तिथूनच परत फिरतो. जाड आवाज त्या मऊ गाळातून आरपार जातो आणि खालच्या घट्ट तळाला भिडतो. म्हणून पडद्यावर दोन रेघा उमटतात. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर तळ टणक. दोघींत अंतर पडलं तर तेवढा मऊ गाळ.

धरण त्या वर्षी खूप खाली गेलं होतं. तक्त्याप्रमाणे शंभर दिवसांचं पाणी शिल्लक होतं आणि नदीला नवं पाणी त्याच्या आत यायला हवं होतं, म्हणून साहेबांनी शहराचा नळ रोजच्या रोज चालू ठेवला होता. पहिल्या दिवशी आम्ही सातव्या ओळीवर गेलो, पाणी उपसण्याच्या विहिरीजवळ, सगळ्यात खोल भागात. काकांनी दोरी सोडली आणि आकडा सांगितला. मी पडद्याकडे बघितलं. जाड आवाजाची रेघ काकांच्या आकड्यावर चपखल बसली होती. बारीक आवाजाची रेघ त्याच्या एक मीटर दहा सेंटीमीटर वर होती.

मला समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत. रंगाच्या डब्यात तळाशी रंग बसतो ना, वरून दाट आणि आत काडी घातली तर सरळ उतरते, तसा तो गाळ होता. चपटा ठोकळा त्याच्यावर टेकला असता. निमुळतं वजन त्यात शिरत होतं, आणि घट्ट थर लागला की मगच काकांच्या हाताला कळत होतं. वजन तेच होतं, आकार तो नव्हता. एकोणीस वर्षं रोज सकाळी दोरी तपासणाऱ्या माणसाने दोरीच्या टोकाला काय आहे याचा विचारच केला नव्हता. आम्ही ज्याला पाणी म्हणून मोजत होतो त्यातला वरचेवर वाढणारा भाग चिखल होता.

काका चष्मा न लावता लांबून पडद्याकडे बघत होते. त्यांना दोन रेघा दिसणं शक्य नव्हतं. हसत म्हणाले, “काय म्हणतंय तुमचं यंत्र? पास झालो का?”

मी बटण दाबून वरची रेघ बंद केली आणि म्हणाले, “पैकीच्या पैकी, काका.”

असं मी का केलं, हे मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. एक कारण सांगते, ते बरं दिसतं. त्यांचा चेहरा. निवृत्तीला एक महिना राहिलेल्या माणसाला, तुमची एकोणीस वर्षं चिखलात गेली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? दुसरं कारण बरं दिसत नाही, तेही सांगते. मी अजून नोकरीत कायम व्हायची होते. साहेबांच्या निबंधावर आणि कार्यालयातल्या सगळ्यात मोठ्या नावावर बोट ठेवायची माझी छाती नव्हती. संध्याकाळी साहेबांनी एवढंच विचारलं, “ओळंब्याशी जुळतंय ना? मग झालं.” मी मान डोलावली. त्या दिवसाचा छापील कागद, दोन्ही रेघांचा, तारखेसकट, मी फाइलच्या अगदी खाली घातला. फाडला नाही. फाडला असता तर निदान धड चोर तरी झाले असते.

काकूंना त्या ‘पैकीच्या पैकी’चं एवढं कौतुक वाटलं की त्यांनी मला रविवारी जेवायला बोलावलं. “यंत्राने पण मान्य केलं म्हणे,” असं म्हणत त्या वाढत होत्या. काका लाजल्यासारखे खाली बघून जेवत होते. निरोप समारंभात ते निमुळतं वजन चकचकीत करून, लाकडाच्या पाटीवर बसवून काकांना द्यायचं साहेबांनी ठरवलं होतं, आणि ती बातमी काकूंनी मला गुपित म्हणून सांगितली.  मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, नाहीतर काकूंनी विचारलं असतं.

असे बावीस दिवस गेले. रोज ठरवायचे, आज सांगू. रोज काही ना काही निघायचं.

तेविसाव्या दिवशी सकाळी विहिरीवरच्या पंपवाल्याचा फोन आला. पंप चिखल ओढतोय, पाणी आत घेणारी विहिरीची खिडकी तर अजून बुडालेली आहे, हा काय प्रकार? काका जाऊन बघून आले. तक्त्याप्रमाणे गाळ त्या खिडकीच्या चांगला हातभर खाली असायला हवा होता. ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि वजन मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत राहिले.  मग उठून घरी गेले, आणि तासाभराने एका मोठ्या पातेल्याचं पत्र्याचं झाकण घेऊन आले. झाकणाला चार बाजूंना चार भोकं पाडलेली होती.

“काकूंना विचारलंत?” मी उगाच काहीतरी बोलले.

“चल, होडीत बस.”

सातव्या ओळीवर त्यांनी झाकण वजनाखाली तारेने घट्ट बांधलं आणि दोरी सोडली. दोरी उतरत गेली आणि नेहमीच्या खुणेच्या खूप आधी सैल पडली. त्यांनी वर ओढून पुन्हा सोडली. मग दहा हात पुढे, मग पलीकडे. बारा ठिकाणी बघितलं. प्रत्येक वेळी झाकण वर आलं की त्यावर काळा, गुळगुळीत चिखल असायचा आणि काका तो बोटाने निरपून बघायचे. तेराव्या वेळी दोरी हातात धरूनच त्यांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे वळले.

“तुझं यंत्र काय म्हणतंय?”

मी वरची रेघ चालू केली. झाकणाचा आकडा आणि ती रेघ, दोन्ही एक. काकांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्या बोटाखालच्या बटणाकडे.

“ही रेघ कधीपासून दिसते?”

“पहिल्या दिवसापासून.”

“म्हणजे पैकीच्या पैकी म्हणालीस, तेव्हा?”

“हो.”

होडीवाला दुसरीकडे बघायला लागला. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोरी गुंडाळली, नेहमीसारखी, एकही वेटोळं वाकडं नाही. 

“मी म्हातारा आहे, पोरी. मूर्ख नाही. सांगितलं असतंस तर एक दिवस जेवलो नसतो, एवढंच ना?” ते म्हणाले. मग दम खाऊन, “बावीस दिवस शहर रोज पाणी सोडतंय. माझ्या आकड्यावर. तुला काय वाटलं, हे माझं घरगुती दुखणं आहे?”

मला रडू फुटलं. ते म्हणाले, “नंतर रड. आधी साहेबांकडे.”

साहेबांच्या टेबलावर त्यांनी ते झाकण चिखलासकट ठेवलं. खाली साहेबांचा निबंधच होता, छापून आलेला. शंभर दिवसांचा साठा नव्हता, चौसष्टांचा होता, आणि त्यातले बावीस संपले होते. साहेब आधी म्हणाले, झाकण वाकडं असेल. मग म्हणाले, आठ दिवसांनी निवृत्त होताय काका, कशाला या भानगडीत पडता, पुढच्या वर्षी नवीन मोजणीत आपोआप दुरुस्त होईल. काकांनी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली, जी त्यांनी एकतीस वर्षांत कधी ओढली नव्हती, आणि बसले. “नळ आज कमी करा. मी लिहून देतो, चूक माझी आहे म्हणून. सही इथेच करतो.”

त्याच संध्याकाळी कपात जाहीर झाली. दोन दिवस पाणी, तिसरा दिवस कोरडा. याहून कडक कपातीला वरून परवानगी मिळाली नाही. निरोप समारंभ झाला नाही. काका शेवटच्या दिवशी वही, दोरी आणि व्हरांड्याच्या किल्ल्या टेबलावर ठेवून निघून गेले. मी फाटकापर्यंत मागे गेले तर म्हणाले, “ऊन आहे, आत जा.”

नदीला पाणी आलं ते पहिल्या मोजणीपासून शहाण्णवाव्या दिवशी. धरण आटलं पंच्याऐंशीव्या. मधले अकरा दिवस शहराच्या एकाही नळाला थेंब आला नाही. मी हिशेब कागदावर मांडला, मग दुसऱ्या कागदावर मांडला. कपात पहिल्याच दिवशी लागली असती तर चौसष्ट दिवसांचं पाणी शहाण्णव दिवस पुरलं असतं. बरोबर शहाण्णव. म्हणजे एकोणीस वर्षांच्या चुकीने शहर कोरडं पडलं नव्हतं. ते अकरा दिवस माझे होते, निव्वळ माझे.

वर्तमानपत्रात मात्र ‘एकोणीस वर्षं चुकीची मोजणी’ असा ठळक मथळा आला. त्या अकरा दिवसांतल्या चौथ्या दिवशी मी टँकरच्या रांगेत बादली घेऊन उभी होते. पुढे चार माणसं सोडून काकू होत्या, दोन्ही हातांत दोन बादल्या. त्यांच्या मागच्या बाईने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “तुम्ही कशाला उभ्या राहता? घरी दोरी आहे ना, ती पिळा.”

रांग हसली. काकू वळल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “पिळली. नाही निघालं.”

मी माझ्या बादलीच्या तळाकडे बघत उभी राहिले. एक शब्द बोलले असते, नुसतं ‘काकू’ म्हणून पुढे झाले असते, तरी चाललं असतं. मूग गिळून गप्प राहायची एकदा सवय लागली की ती फार लवकर अंगवळणी पडते.

पुढे चौकशी झाली. बाहेरून आलेल्या बाई होत्या, हुशार, कमी बोलणाऱ्या. फाइलच्या तळातला तो दोन रेघांचा कागद त्यांनी बरोबर काढला आणि तारखेवर बोट ठेवलं. “हा फरक कळवण्याच्या बावीस दिवस आधीच दिसला होता. कुणाला दिसला? दाबला कुणी?” माझी पाचावर धारण बसली. साहेब छताकडे बघत होते. काका दाराजवळच्या बाकावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, परक्या माणसासारखे.

“वहीत आहे,” काका म्हणाले. “त्या दिवसाचा शेरा वाचा.”

त्या दिवसाचे आकडे मीच लिहिले होते. शेऱ्याचा रकाना मी कोरा सोडला होता, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. बाईंनी वही उघडून मोठ्याने वाचलं, “‘यंत्र तळ वर दाखवते. मॅडमनी लक्षात आणून दिले. मी मानले नाही. यंत्र दोरीशी जुळवून ठेवण्यास मी सांगितले.’ हे अक्षर तुमचं?”

“माझं.”

“का नाही मानलंत?”

“गर्व,” काका म्हणाले. “एकतीस वर्षांचा.”

बाई माझ्याकडे वळल्या. “असंच घडलं?”

 काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी म्हणाले, “हो.”

बाहेर व्हरांड्यात त्या दोन खिळ्यांजवळ मी त्यांना गाठलं.  काका म्हणाले, “उपकार वगैरे डोक्यात घेऊ नकोस. वजन मी बदललं, तू नुसती घाबरलीस. घाबरल्याबद्दल आयुष्यभराची शिक्षा नको, म्हणून लिहिलं. तुला अजून तीस वर्षं आकडे लिहायचेत, माझे संपले.” पायऱ्या उतरताना थांबले. “पण माझ्या वहीत मी खोटं लिहिलंय, पोरी. त्याचं मला काय होतंय ते कधी विचारू नकोस.”

मी विचारलं नाही. आधी लाजेने, नंतर सवयीने. मी कायम झाले, बढती मिळाली, साहेबांच्या खोलीतली घंटी आता माझ्या टेबलावर असते. काका धरणाकडे पुन्हा फिरकले नाहीत. बाजारात कधी दिसले तर लांबून मान हलवायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा कार्यालयातून आम्ही तिघेच गेलो होतो. काकूंच्या चुलीवर पातेलं होतं आणि पातेल्यावर तेच चार भोकांचं झाकण. माझी नजर गेलेली बघून त्या म्हणाल्या, “नवीन आणायचं राहूनच गेलं. वाफ जायला बरं पडतं.” त्यांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही.

आमच्याकडे निमुळत्या वजनाने मऊ गाळात खोली जास्त भरते, त्याला ‘ओळंब्याची चूक’ म्हणतात. हा शब्द आता तालीम वर्गातही शिकवतात. नव्या लोकांना दरवर्षी मीच शिकवते. फळ्यावर चपटा ठोकळा काढते, शेजारी मुळा काढते. सगळे हसतात, आणि चौदा वर्षं मीही त्यांच्याबरोबर हसत आलेय.

परवा वरून आदेश आला. जुन्या मोजणी वह्यांची छायाचित्रं काढून घ्यायची आणि वह्या रद्दीत द्यायच्या. आज दुपारी मी दप्तरखोलीत एकटी जाऊन ती वही काढली. कापडी पाठ उसवली होती. त्या दिवसाचं पान उघडलं. वर माझे आकडे, आणि शेऱ्यात त्यांचं उभं, सरळ अक्षर. एकतीस वर्षांच्या वह्या मी चाळल्या आहेत. वजनाने त्यांना फसवलं, पण त्यांनी जाणूनबुजून लिहिलेली खोटी ओळ ही एकच. खाली त्यांची सही होती आणि तारीख मागची, पहिल्या मोजणीची. दुरुस्तीची तारीख घालायचा स्वतःचा नियम त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला होता, आणि तो माझ्यासाठी.

पट्टी घेतली. त्यांच्या शेऱ्यावर एक आडवी रेघ ओढली, खालचं नीट वाचता येईल अशी. वर लिहिलं, ‘हा शेरा खरा नाही. वरची रेघ मी काकांना दाखवली नाही. त्यांनी विचारल्यावर खोटं सांगितलं. खरं कळलं त्याच दिवशी त्यांनी स्वतः कळवलं. बावीस दिवस माझे.’ अक्षर थोडं वाकडं आलं, पण खोडलं नाही. बाजूला पूर्ण नावाने सही केली आणि तारीख आजची घातली.